पहिली ओळ कुणाच्या नावावर?

कुस्तीची बातमी असली की ‘दंगल’, नाहीतर ‘सुलतान’. मुलींचा कुठलाही संघ जिंकला की ‘चक दे’. तालुक्याने शहराला हरवलं की ‘लगान’, कुणी शेवटपर्यंत हटलं नाही की ‘पुष्पा’ आणि अंगापिंडाने थोराड खेळाडू दिसला की ‘बाहुबली’. जळगाव-धुळ्याकडे क्रीडा पान नेमाने वाचणाऱ्याला असले इंट्रो तोंडपाठ असतील. सिनेमाचं नाव घेतलं की बातमी वाचली जाते, ही समजूत डेस्कवर इतकी मुरली आहे की ती तपासून पाहावी असं कुणाला वाटत नाही. ज्यांना हा प्रकार आवडत नाही ते ‘भाषा बिघडली’ एवढं म्हणतात आणि पान उलटतात.

मला ही दोन्ही मतं वरवरची वाटतात. संदर्भ लोकप्रिय आहे हा त्याचा गुणही नाही आणि दोषही नाही. पाहायचं ते इतकंच, की त्या संदर्भाने मैदानावर घडलेलं काही दिसतं की न पाहिलेलं झाकलं जातं. बहुतेक वेळा झाकलं जातं. आणि जिल्ह्याच्या पानावर या झाकाझाकीची किंमत मुंबई-पुण्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. तिथल्या नामवंत खेळाडूवर वर्षभरात शंभर जण लिहितात, एकाने सिनेमात हात पुसले तर बाकीचे असतात. चाळीसगाव किंवा साक्री तालुक्यातल्या मुलाच्या वाट्याला छापील अशी एकच बातमी येते, तिची पहिली ओळ एकच असते आणि तीही आमिर खानच्या नावावर जमा होते.

अध्यक्षांच्या खुर्चीत नायक

आधी या सवयीची बाजू समजून घेऊ, कारण ती अगदीच निराधार नाही. खान्देशातल्या जिल्हा पानावर सिनेमाचा इंट्रो आला तो हौसेपेक्षा कंटाळ्यातून आला असं मला वाटतं. शालेय कबड्डीची किंवा आंतरमहाविद्यालयीन कुस्तीची बातमी तालुक्याहून येते ती बहुधा प्रेसनोट म्हणून. पूर्वी एसटीने पाकीट यायचं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, मजकूर तोच. उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, अध्यक्षस्थानी कोण होतं, व्यासपीठावर कोणकोण होतं, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. जिंकलं कोण हे शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि जागा कमी पडली की कात्री नेमकी तिथे लागते. असली पंधरा पाकिटं रोज फोडणाऱ्या तरुण उपसंपादकाने एखाद्या रात्री वैतागून वरती सिनेमाचं वाक्य डकवलं, तर त्यात थोडं बंडही असतं. निदान मान्यवरांची यादी खाली ढकलली गेली, एवढं समाधान.

या बंडाबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्याने साधलं काय? प्रेसनोटमध्ये खेळाडूच्या आधी आमदार होते, आता खेळाडूच्या आधी नट आहे. अध्यक्षांच्या खुर्चीत नायक येऊन बसला, मुलगा होता तिथेच उभा. चढाई कशी झाली, पकड कुणी केली, लोण कधी चढला, यातलं काही प्रेसनोटमध्येही नव्हतं आणि नव्या इंट्रोतही नाही. सामना न पाहता लिहिता येणं ही दोन्ही प्रकारांतली समान सोय आहे. म्हणून मी त्यांना एकमेकांचे विरोधक न मानता सख्खे भाऊ मानतो.

चार घोडेस्वार आणि तीन मराठी लेखक

‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांना इतिहास साथ देत नाही. इंग्रजी क्रीडा पत्रकारितेतला बहुधा सर्वांत गाजलेला इंट्रो सिनेमातूनच आला. १८ ऑक्टोबर १९२४ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोत्र दाम विद्यापीठाने आर्मीच्या संघाला अमेरिकन फुटबॉलमध्ये १३-७ असं हरवलं. ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’च्या ग्रँटलंड राइसने नोत्र दामच्या चार आक्रमकांना बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा देऊन बातमी सुरू केली. उपमेचा उगम मात्र प्रेस बॉक्समधला होता. नोत्र दामसाठी प्रसिद्धीचं काम करणाऱ्या जॉर्ज स्ट्रिकलर या विद्यार्थ्याने रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा त्याच नावाचा १९२१चा मूकपट नुकताच पाहिला होता आणि मध्यंतरात तो त्याबद्दल बोलला. राइसने ते उचललं. सामन्यानंतर स्ट्रिकलरने त्या चौघांना खऱ्या घोड्यांवर बसवून फोटोही काढून घेतला. म्हणजे आजच्या भाषेत ‘व्हायरल’ करण्याची सगळी तयारी त्या काळातही होती.

तरी तो इंट्रो टिकला. कारण व्हॅलेंटिनोचा सिनेमा न पाहिलेल्या वाचकालाही तो कळत होता, बायबल घराघरांत होतं. उपमेनंतर लगेच चारही खेळाडूंची खरी नावं आली होती. आणि उपमा होती वेगाने चालून येणाऱ्या चार जणांना, म्हणजे मैदानावर जे दिसत होतं त्यालाच. त्यात भडकपणा नव्हता असं नाही. खेळाडूंच्या मागे आभाळ दिसायला राइस मैदानावर आडवा पडून सामना पाहत होता की काय, अशी थट्टा पुढे झालीच.

मराठीत याच प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं तीन माणसांनी दिली. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती या खेळांना क्रिकेटच्या पंक्तीला बसवलं. त्यांच्या लिखाणाचा जोर माहितीवर, संघटनांच्या कारभारावर, निवडीतल्या घोळांवर असे. त्यांना सिनेमाच्या कुबड्या लागल्या नाहीत. शिरीष कणेकर दुसऱ्या टोकाला. सिनेमा आणि क्रिकेट ही त्यांची दोन्ही वेडं सारखीच खरी. तिसरे द्वारकानाथ संझगिरी, पेशाने मुंबई महापालिकेतले अभियंता. त्यांच्या क्रिकेटच्या लेखात देव आनंद, मधुबाला, रफी कधीही डोकावत. हे तिघेही आता नाहीत. करमरकर आणि कणेकर २०२३मध्ये गेले, संझगिरी फेब्रुवारी २०२५मध्ये.

सिनेमाच्या इंट्रोचे समर्थक संझगिरींचं नाव पुढे करतात. पण संझगिरींनी जे केलं ते आज डेस्कवर चालतं त्याच्या बरोबर उलट होतं. ते जगभर फिरून सामना पाहून आलेले असत. एखाद्या फलंदाजाच्या फटक्यावरून त्यांना मधुबाला आठवे, म्हणजे आधी फटका आणि मग मधुबाला. शिवाय सिनेमाही त्यांनी क्रिकेटइतकाच मन लावून पाहिलेला, त्यामुळे कुठला नट कुठल्या खेळाडूला शोभेल याची त्यांची निवड नेमकी असे. त्यांची नक्कल करणाऱ्यांनी मधुबाला घेतली आणि फटका सोडून दिला.

कसोटी कोणती

मग चांगला संदर्भ ओळखायचा कसा? माझ्यापुरत्या मी तीन परीक्षा ठरवल्या आहेत.

पहिली: तो सिनेमा न पाहिलेल्या वाचकाला ते वाक्य वाचून सामन्याबद्दल काही कळतं का? यावलच्या शेतकऱ्याने ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलेलं नाही म्हणून त्याच्या गावच्या मुलीचा विजय त्याला अर्धवट कळावा, हा अन्यायच आहे.

दुसरी: संदर्भ काढून टाकला तर बातमीतलं काही हरवतं का? ‘बाहुबलीप्रमाणे प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडत’ हे शब्द काढून पाहा. काहीही हरवत नाही, कारण त्यात काही नव्हतंच. ही कार्बाइड टाकून पिकवलेली केळी, साल पिवळीधमक आणि गाभा कच्चा.

तिसरी परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते: हा संदर्भ आणला कुणी? खेळाडूने की लिहिणाऱ्याने? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. १९५२च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच्या बातम्यांत धोनी सर्वत्र होता, आणि तो असायलाच हवा होता, कारण धोनीला स्वप्नीलनेच आणलं होतं. धोनीवरचा सिनेमा आपण अनेकदा पाहिला, मैदानावरचा त्याचा शांतपणा आपल्या खेळातही लागतो, आणि आपणही त्याच्यासारखेच रेल्वेत टीसी, असं तो स्वतः बोलला होता. इथे संदर्भ म्हणजे खेळाडूच्या मनात डोकावायची खिडकी आहे.

तरीही त्याच्या बोलण्यातलं टीसीपण मथळ्यांना जास्त आवडलं, शांतपणा मागे पडला. वास्तविक या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि मग उभं राहून नेम धरायचा असतो. उभ्या स्थितीत रायफल सर्वांत जास्त हलते, श्वास आणि छातीचे ठोके दोन्ही आड येतात, आणि अंतिम फेरीत स्वप्नील वर सरकला तो या शेवटच्या टप्प्यातच. धोनीचा संदर्भ इथे लावला असता तर वाचकाला खेळ कळला असता. तिकीट तपासण्याच्या नोकरीशी लावल्याने फक्त योगायोग कळला.

सिनेमाचा साचा आणि सायगावचा पैलवान

आतापर्यंतचा मुद्दा जागा वाया जाण्याचा होता. यापुढचा त्याहून गंभीर आहे. सिनेमाचा संदर्भ नुसता जागा खात नाही, तो घडलेल्या गोष्टीचा आकार बदलतो.

‘दंगल’चंच घ्या. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटने सुवर्ण जिंकलं. पडद्यावर ती लढत शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेली आहे आणि तिचे वडील एका खोलीत कोंडलेले आहेत. प्रत्यक्षात गीताने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला एकतर्फी हरवलं होतं, आणि वडिलांना कुणी कोंडलं नव्हतं. पटकथेला तणाव हवा होता, तिने तो घडवला. सिनेमाने तसं करायला माझी हरकत नाही. पण आपण एखाद्या मुलीच्या कुस्तीला ‘दंगल’ म्हणतो तेव्हा कुठल्या गीतेची आठवण देतो? जी समोरचीपेक्षा खूपच सरस होती तिची, की जी रडतखडत शेवटच्या सेकंदाला वाचली तिची? खरी गीता अधिक मोठी पैलवान होती. आपल्या बातम्या तिला विसरून पडद्यावरच्या गीतेशी तुलना करत बसतात.

आता घरचं उदाहरण. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. तिसरी गदा डिसेंबर २०१६मधली, पुण्यात वारज्याला अभिजित कटकेला हरवून मिळवलेली. २०१६ हे साल मोठं गमतीचं. एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला, त्याची सुरुवातच गावच्या क्रिकेट सामन्याने. जुलैत ‘सुलतान’, सप्टेंबरअखेर धोनीवरचा सिनेमा आणि २३ डिसेंबरला ‘दंगल’. मध्येच ऑगस्टमध्ये रिओला साक्षी मलिकचं कांस्य. त्या वर्षाने क्रीडा पानांना पुढची कित्येक वर्षं पुरेल इतका माल दिला.

पण त्या मालात विजय चौधरी बसतो का? ‘सुलतान’ ही पडलेल्या, पोट सुटलेल्या पैलवानाच्या पुनरागमनाची गोष्ट. ‘दंगल’ ही मुलींमधून स्वतःचं स्वप्न पुरं करणाऱ्या बापाची. हिंदी खेळपटाला एकच चाल ठाऊक आहे: वर चढायचं, खाली आपटायचं, पुन्हा उठायचं. आपटल्याशिवाय मध्यंतर होत नाही. विजय चौधरीचा पराक्रम नेमका याच्या उलट जातीचा. तो आपटला नाही. मातीतून आलेले आणि गादीवरून आलेले राज्यभरचे मल्ल दरवर्षी नव्याने त्याच्यावर टपलेले असताना तो तीन वर्षं गदेवरून हलला नाही. त्याच्या आधी २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं नरसिंग यादवने गदा राखली होती. म्हणजे सहा वर्षांत महाराष्ट्राची ही गदा दोनच खांद्यांवर होती. आणि ज्याला चौधरीने २०१६ला हरवलं तो कटके काही साधा मल्ल नव्हता, पुढच्याच वर्षी गदा त्याच्याकडे गेली.

ही गोष्ट सांगायची तर विचारावं लागतं की सलग तीन वर्षं दुखापतीपासून अंग कसं सांभाळलं, प्रतिस्पर्ध्यांनी त्याचे डाव ओळखल्यावर त्याने काय बदललं, केसरी गटाचं वजन राखायला खुराक काय होता, तालीम कुठली आणि वस्ताद कोण. सातत्याला पडद्यावर दृश्य नसतं, म्हणून सिनेमाच्या साच्यात ते दिसतच नाही. पुढे पोलीस उपअधीक्षक झाल्यावर २०२३मध्ये कॅनडात विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस आणि अग्निशमन दलांच्या स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं. त्यालाही पुनरागमन म्हणणं हा साच्याचाच प्रताप, कारण तो आखाड्यातून गेला कधी होता?

बुद्धिबळात हाच प्रकार वेगळ्या वाटेने होतो. जळगावला जैन हिल्सवर बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धा भरतात, देशभरातून पोरं येतात. एखादी मुलगी चमकली की लिहिणाऱ्याच्या बोटांवर ‘क्वीन्स गॅम्बिट’ येतंच. २०२०ची ती मालिका उत्तम आहे, पण तिची नायिका बेथ हार्मन काल्पनिक, ज्या कादंबरीवरून ती बेतली तीही १९८३ची. त्याच्या बरंच आधी, १९७४मध्ये, वासंती खाडिलकर भारताची पहिली राष्ट्रीय महिला विजेती झाली होती. तिची धाकटी बहीण रोहिणी १९७६मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि १९८१मध्ये आशियाई विजेती झाली. जयश्री ही मधली. वडील नीळकंठ खाडिलकर, ‘नवाकाळ’चे संपादक. अमेरिकेतल्या कादंबरीकाराने कल्पनेत जे रचलं ते गिरगावातल्या एका संपादकाच्या घरात आधीच घडून गेलं होतं, आणि मराठी वर्तमानपत्रालाच त्याची आठवण होत नाही! जळगावात पटावर बसलेल्या मुलीला रोहिणी खाडिलकरच्या ओळीत बसवलं तर तिला एक खरी परंपरा मिळते. बेथ हार्मनच्या ओळीत बसवून मिळतो तो फक्त एका ओटीटी मंचाचा झगमगाट.

राजवाड्यांच्या गावात

जिल्हा पानाची बातमी ही उद्याची रद्दी, तिचा एवढा विचार कशाला, असं कुणी म्हणेल. हे निदान धुळ्यात तरी म्हणू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. राजवाड्यांनी गावोगाव भटकून दप्तरं जमवली, कारण नंतर रचलेली बखर आणि त्या दिवशी लिहिला गेलेला अस्सल कागद यांतलं अंतर त्यांना ठाऊक होतं. बखरीत लढाई आली की भारती युद्धाची उपमा हमखास येते. कोण कुठल्या फळीवर होतं, रसद कधी तुटली, हे मात्र एखाद्या कारकुनी पत्रात सापडतं.

खान्देशातल्या कुस्तीचा, कबड्डीचा इतिहास कुणी कधी लिहायला घेतला तर त्याला जिल्हा दैनिकांच्या फायलींखेरीज दुसरं काय मिळणार आहे? यात्रेतल्या फडांची दप्तरं नसतात. तालमींत नोंदवह्या क्वचितच. मल्ल गेला की त्याचे डावही जातात. त्या अभ्यासकाला २०१७ ते २०२५ या काळातल्या फायलींत बखरी सापडतील, कागद सापडणार नाही. कुठल्या गावच्या कुठल्या मल्लाने कुणाला घिस्स्यावर मारलं की ढाकेवर, हे कळणार नाही. त्या वर्षी कुठला सिनेमा चालला एवढं मात्र बिनचूक कळेल.

मग अभिमन्यू कसा चालतो?

आक्षेप इथेच येतो, आणि तो रास्त आहे. अर्जुन, द्रोणाचार्य ही देशाच्या क्रीडा पुरस्कारांचीच नावं. खो-खोत एकलव्य, राणी लक्ष्मीबाई, वीर अभिमन्यू, जानकी असे पुरस्कार आहेत. महाभारत चालतं आणि ‘बाहुबली’ चालत नाही, हा सोवळेपणा नव्हे काय?

असेल तर तो मला अमान्य आहे. माझ्या परीक्षा दोघांनाही सारख्याच. कबड्डीत सात जणांच्या कोंडाळ्यात शिरलेल्या चढाईपटूला अभिमन्यू म्हणतात. अभिमन्यूला आत जाणं ठाऊक होतं, बाहेर येणं ठाऊक नव्हतं. त्यामुळे बोनस घेऊन, दोन गडी मारून मध्यरेषेपलीकडे परतलेल्या चढाईपटूला अभिमन्यू म्हणणं चूकच, त्याने तर कथाच उलटवली. पण कोपऱ्यातल्या खेळाडूच्या नादाने खोल आत ओढला गेलेला आणि साखळीने घेरलेला मुलगा, त्याला ती उपमा चपखल बसते आणि पकड कशी झाली हेही सांगून जाते. उपमा तीन हजार वर्षांची आहे की तीन महिन्यांची, याने काहीच ठरत नाही. महाभारताचा फायदा एवढाच की ते या आठवड्यात उतरत नाही.

दुसरा आक्षेप तरुण वाचकाचा. त्याला ओढायचं तर त्याची भाषा बोलावी लागेल. कबूल, पण त्याची भाषा कुठली हे तरी पाहिलं आहे का? अमळनेर-शिरपूरकडच्या पोराच्या मोबाइलवर ‘हाई झुमकावाली पोर’सारखी अहिराणी गाणी वाजतात, मालेगावचे विनोदी व्हिडिओ चालतात. डेस्कवरचा संदर्भ मात्र मुंबईच्या पुरवणीतून उसना आलेला असतो. लोकप्रिय संस्कृतीच हवी तर आपली स्वतःची आहे, आणि ती आपल्याला तंत्रही शिकवते. धुळ्याहून तासाभरावरच्या मालेगावात नासिर शेखने २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसा नव्हता, घोडे नव्हते, म्हणून दरोडेखोर सायकलींवर आले. त्याने ‘शोले’ला मालेगावात आणून बसवलं, त्यावर गावाच्या गल्ल्या, गावाची बोली, गावाची गरिबी चढवली. नकलेतून एक गाव दिसलं. आपले इंट्रो करतात ते याच्या उलट: गावातल्या खेळाडूला उचलून मुंबईच्या पडद्यावर नेऊन ठेवतात, आणि तिथे तो कायम दुय्यम भूमिकेत.

शिवाय तरुण वाचक इतका भोळा नाही. आयपीएल आणि प्रो कबड्डी पाहून त्याला आकडे कळतात, सुपर टॅकल आणि ‘करो या मरो’ चढाई कळते. आपल्या कॉलेजच्या संघाने अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला काय केलं हे त्याला हवं असतं. सामना पाहिलेल्या पोराला ‘चक दे’ वाचून काय मिळणार? त्याच्या वर्गातल्या मुलीने केलेली पकड बातमीत असेल तर तो ती कापून ठेवेल किंवा स्टेटसला लावेल.

राहिला वेळेचा आक्षेप. तो डेस्कचा आहे आणि खराही आहे: निकाल रात्री साडेनऊला येतो, पान दहाला सोडायचं असतं, तालुका प्रतिनिधीला मानधन तुटपुंजं, सामना कुणी पाहिलेला नाही. अशा वेळी सिनेमा हाताशी असतो. पण फोनही हाताशी असतो. कुस्ती कुठल्या डावावर झाली? मातीवर की गादीवर? कितव्या मिनिटाला? पोरगा कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, घरी शेती किती? कबड्डी असेल तर मध्यंतराला गुण काय होते आणि लोण कुणावर चढला? हे विचारायला दोन मिनिटं लागतात आणि उत्तरात एक तरी गोष्ट अशी निघते जी दुसऱ्या कुठल्याच बातमीत नाही. ती वर घ्यावी. एवढं करूनही ‘दंगल’ आठवलाच तर तो तिसऱ्या परिच्छेदात खुशाल असू द्यावा. जागा कमी पडली तर उपसंपादकाला काय कापायचं हे कुणाला विचारावं लागणार नाही.